लॉगिन, रीडायरेक्ट आणि एक चुकलेला आकडा

सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. "अहो, लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनच येतंय." मी माझ्या मशीनवर पान उघडून पाहिलं, नीट चालत होतं. दहा वाजेपर्यंत असे अकरा जण झाले. काहींच्या स्क्रीनवर लॉगिनचं पान हलतच नव्हतं, बाकीच्यांना ब्राउझर सांगत होता की या पानाने तुम्हाला फार वेळा रीडायरेक्ट केलं, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं. माझ्या टर्मिनलवर मात्र कर्ल, म्हणजे कमांड देऊन पान मागवणारा प्रोग्राम, तेच पान पहिल्या झटक्यात आणून देत होतं.

आदल्या संध्याकाळी सर्व्हरवर बदल केले होते ते मीच. म्हणून आधी ते सांगते.

आमच्याकडे एका सर्व्हरवर तीन अ‍ॅप्लिकेशन्स चालतात. एक रिपोर्ट दाखवणारं, एक फाइली ठेवण्याचं, आणि तिसरं जुनं, पीएचपीतलं, ज्याच्या कोडला हात लावायला कोणी धजत नाही. तिघांच्या पुढे एन्जिनएक्स, ब्राउझरची प्रत्येक मागणी म्हणजे रिक्वेस्ट आधी घेऊन मग मागे देणारा वेब सर्व्हर. तिघांची लॉगिनं वेगळी, पासवर्ड वेगळे, आणि कोणी काम सोडून गेलं की तीन ठिकाणी नाव काढायचं. एकदा एक नाव दोन ठिकाणांहून निघालं आणि तिसरीकडे चार महिने तसंच राहिलं. ते लक्षात आलं त्याच दिवशी मी ठरवलं, ओळख तपासायची ती एकाच जागी, दारातच.

पहिला प्रयत्न बेसिक ऑथचा, म्हणजे ब्राउझर स्वतःच नाव-पासवर्ड विचारतो त्या साध्या पद्धतीचा. पासवर्डची एक फाइल आणि कॉन्फिगमध्ये दोन ओळी, की झालं. ब्राउझर नाव आणि पासवर्ड मध्ये कोलन घालून जोडतो, बेस६४ मध्ये लिहितो आणि प्रत्येक रिक्वेस्टबरोबर पाठवतो. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसती वेगळी लिपी. उलट वाचायला एक कमांड पुरते. त्यामुळे एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी जोडणी, नसेल तर बेसिक ऑथचा विचारही करू नये. आमच्याकडे एचटीटीपीएस होतं, तरी दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे लॉगआउट नावाची सोयच नाही. दुसरी मला आधी सुचलीच नव्हती. पासवर्ड बीक्रिप्ट नावाच्या पद्धतीने साठवलेले होते, आणि बीक्रिप्ट मुद्दाम संथ बनवलेलं आहे, कुणाच्या हाती फाइल लागली तरी त्याला लाखो पासवर्ड भराभर ताडून पाहता येऊ नयेत म्हणून. पण रिपोर्टच्या एका पानामागे चित्रं, स्टाइलशीट, स्क्रिप्ट धरून पन्नासएक फाइली होत्या. प्रत्येक फाइलीसाठी तोच संथ हिशोब नव्याने. चार जणांनी एकदम पान उघडलं की प्रोसेसर वर चढायचा आणि पानं अडकायची.

मग एन्जिनएक्सच्या ऑथ रिक्वेस्ट मॉड्यूलकडे वळले. रिक्वेस्ट आली की एन्जिनएक्स आधी आतल्या आत एक छोटी रिक्वेस्ट तपासणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवतं. प्रत्येक उत्तराला एक आकडा असतो. तिकडून २०० च्या घरातलं, म्हणजे 'ठीक', असं उत्तर आलं तर आत सोडतं, ४०१ किंवा ४०३ आलं तर अडवतं. मी तो तपासनीस लिहिला. कुकी, म्हणजे ब्राउझरकडे ठेवलेली ओळखचिठ्ठी, बघायची, सेशन (लॉगिनची मुदत) जिवंत असेल तर २००, नसेल तर ३०२, म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट, देऊन लॉगिनकडे पाठवायचं. मला ते अगदी सरळ वाटत होतं. पान उघडलं तर ५००, म्हणजे सर्व्हरवरच बिघाड. एरर लॉगमध्ये ओळ होती: ऑथ रिक्वेस्ट अनएक्स्पेक्टेड स्टेटस ३०२.

त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. एन्जिनएक्स सांगत होतं ते बरोबर होतं. तपासनिसाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटल्यावर माणसाला कुठे पाठवायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या जागी द्यायला हवं. मी दोन्ही कामं एकाच्या गळ्यात बांधली होती. आता हे इतकं साधं वाटतं, पण पुढच्या काही आठवड्यांत ज्या ज्या चुका झाल्या त्यांतल्या बहुतेक याच गुंत्यातून आल्या होत्या.

तपासनीस ४०१ द्यायला लागला. (४०१ चं अधिकृत नाव 'अनऑथराइज्ड' आहे आणि त्या नावाने खूप गोंधळ होतो. त्याचा खरा अर्थ 'तुम्ही कोण ते कळलं नाही'. कोण ते कळलंय पण परवानगी नाही, त्याला ४०३.) मग कॉन्फिगमध्ये ४०१ आलं की जायचं अशी एक जागा नावाने बांधली आणि तिथून लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट लिहिला. संध्याकाळ झाली होती. त्याच फाइलीत वरती एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवणारी ओळ होती, ती कॉपी केली आणि पत्ता बदलला. त्या ओळीत आकडा होता ३०१.

तपासलं, चाललं. फाइल सेव्ह केली आणि घरी गेले.

सकाळी सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टची नोंदवही, उघडला तेव्हा एक गोष्ट विचित्र दिसली. एकाच आयपीवरून '/लॉगिन' च्या रिक्वेस्ट एका सेकंदात आठ-दहा, सगळ्या एकाखाली एक. पण मधे '/रिपोर्ट्स' ची एकही नाही. चक्र फिरत असेल तर दोन्ही पत्ते आळीपाळीने दिसायला हवेत. लॉगिन रिपोर्ट्सकडे पाठवतं, रिपोर्ट्स लॉगिनकडे. इथे चक्राचा अर्धा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता.

एका सहकाऱ्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले, डेव्हलपर टूल्समधलं नेटवर्कचं पान उघडलं, लॉग जपून ठेवण्याच्या चौकोनात टिक केली आणि त्यांना लॉगिन करायला सांगितलं. '/रिपोर्ट्स' समोर ३०१, आणि आकाराच्या रकान्यात लिहिलं होतं: डिस्क कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ साठवलेल्या प्रतीतून. आकडा माझाच होता आणि तो त्यांच्या मशीनवर जाऊन बसला होता.

झालं होतं ते असं. ३०१ म्हणजे 'हा पत्ता कायमचा बदलला'. मानकानुसार ३०१ आणि ३०८ ही उत्तरं, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ब्राउझरला साठवून ठेवता येतात. ३०२, ३०३ आणि ३०७ तशी साठवली जात नाहीत. आदल्या संध्याकाळी लॉगिन नसताना ज्यांनी रिपोर्टचं पान उघडलं, त्यांच्या ब्राउझरला मी सांगून बसले की रिपोर्ट्सचं पान आता कायमचं लॉगिनच्या जागी आहे. ब्राउझरने विश्वास ठेवला. सकाळी त्यांनी लॉगिन केलं, लॉगिनने रिपोर्ट्सकडे पाठवलं, ब्राउझर म्हणाला तो पत्ता तर बदललाय, आणि सर्व्हरला न विचारता पुन्हा लॉगिनवर. लॉगिन बघतं, सेशन आहे, पुन्हा रिपोर्ट्सकडे पाठवतं. क्रोम आणि फायरफॉक्स अशा वीस फेऱ्यांनंतर हात टेकतात. मला चक्र दिसलं नाही, कारण मी तपासत होते ते प्रायव्हेट विंडोत, जिची कॅश विंडोबरोबरच जाते, आणि कर्लला कॅश नसतेच.

आकडा ३०२ केला, जोडीला 'नो-स्टोअर' हेडर, म्हणजे 'हे साठवू नको' अशी उत्तराबरोबरची सूचना, लावलं. त्याने नवे लोक अडकायचे थांबले. पण अकरा जणांच्या मशीनवर गेलेलं उत्तर परत कसं बोलावणार? दिलेला रीडायरेक्ट मागे घ्यायचा निरोप पाठवायला वाटच नाही, कारण त्या पत्त्यासाठी ब्राउझर आता माझ्याकडे येतच नव्हता. तीन जणांना फोनवरून कॅश साफ करायला लावली. चौथे मोबाइलवर होते आणि सेटिंगमध्ये हरवले. तेव्हा फोन ठेवला आणि कागदावर बाण काढत बसले. रिपोर्ट्सकडे जाणारा बाण तुटला होता, पण सगळे बाण लॉगिनवर येऊन मिळत होते. अडकलेली माणसं मला अजून भेटत होती ती एवढ्या एकाच ठिकाणी.

म्हणून रिपोर्टचा पत्ताच बदलला. '/रिपोर्ट्स' च्या जागी '/रिपोर्ट-यादी'. आणि लॉगिनच्या कोडमध्ये एक ओळ घातली: परतीचा पत्ता (लॉगिननंतर जिथे जायचं तो) '/रिपोर्ट्स' ने सुरू होत असेल तर त्या जागी नवा पत्ता वापर. ब्राउझर जुन्या आठवणीने लॉगिनवर येई, तिथून त्याला अगदी नवा पत्ता मिळे, ज्याची त्याच्याकडे कसलीच आठवण नव्हती. सव्वाबारापर्यंत फोन थांबले. बाकी कुणालाही काही साफ करावं लागलं नाही.

या प्रकारानंतर मी रीडायरेक्टकडे नीट बघायला लागले. आपण म्हणतो सर्व्हरने इकडून तिकडे पाठवलं. सर्व्हर कुणाला उचलून कुठे नेत नाही. तो एक आकडा आणि एक पत्ता देतो, पुढचं सगळं ब्राउझरच्या हातात.

त्या आकड्यांचा दुसरा पैलू मला दोन आठवड्यांनी समजला, आणि तो जास्त लागला. फाइलींच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रत्येक फाइलीबरोबर टिपण लिहायची जागा आहे. आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी तिथे जवळजवळ तासभर बसून सविस्तर टिपण लिहिलं. सेशनची मुदत मी तीस मिनिटं ठेवली होती. ते लिहीत होते तेवढा वेळ सर्व्हरकडे एकही रिक्वेस्ट गेली नव्हती, म्हणजे सर्व्हरच्या लेखी ते केव्हाच उठून गेले होते. त्यांनी 'जतन करा' दाबलं. पोस्ट रिक्वेस्ट (मजकूर पाठवणारी, नुसतं पान मागणारी ती गेट) निघाली, तपासनिसाने ४०१ दिलं, वाट दाखवणाऱ्याने ३०२ दिलं, आणि ब्राउझरने पोस्टची गेट करून लॉगिनचं पान उघडलं. टिपण तिथेच सांडलं. लॉगिन केल्यावर परतीच्या पत्त्यावर गेट गेली, तो पत्ता फक्त पोस्ट घेणारा, म्हणून वर ४०५, 'ही पद्धत इथे चालत नाही'. ते मला काही बोलले नाहीत, "आता पुन्हा लिहितो" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

३०२ वर पोस्टची गेट होणं ही ब्राउझरांची फार जुनी सवय आहे. मानक सुरुवातीला तसं सांगत नव्हतं, पण ब्राउझर तसंच वागत राहिले. मग १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ३०३ आला, 'गेटनेच जा' असं स्पष्ट सांगणारा, आणि १९९९ च्या सुधारित मानकात ३०७, पद्धत आणि मजकूर जसाच्या तसा ठेवणारा. ३०७ सारखाच पण कायमचा असा ३०८, त्याचं मानक २०१५ चं. तेव्हा माझ्या मनात लगेच आलं, ३०७ लावला की टिपण वाचेल. दहा मिनिटांत उमगलं की ते त्याहून वाईट. ३०७ मुळे टिपण जसंच्या तसं पोस्ट होईल, पण लॉगिनच्या पत्त्यावर, जिथे त्याचं काहीच काम नाही.

उत्तर आकड्यात नव्हतंच. गेट नसलेल्या रिक्वेस्टला रीडायरेक्ट द्यायचाच नाही, साधं ४०१ द्यायचं. टिपणाचं पान आता मजकूर स्क्रिप्टने पाठवतं. ४०१ आलं तर मजकूर जिथल्या तिथे राहतो, लॉगिन दुसऱ्या टॅबमध्ये उघडतं, आणि परत येऊन पुन्हा 'जतन करा' दाबता येतं. त्या सहकाऱ्यांना शेजारी बसवून, मुदत मुद्दाम एक मिनिटावर आणून, हे तीनदा करून दाखवलं.

याच बदलाने आणखी एक जुनं कोडं सुटलं. रिपोर्टच्या पानावरचा आलेख दर पाच मिनिटांनी स्क्रिप्टने आकडे मागवतो. सेशन संपलं की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये यायचं: अनपेक्षित चिन्ह, 'पेक्षा लहान' चं चिन्ह (<), पहिल्याच जागी. आम्ही जेसनमध्ये, म्हणजे आकडे ज्या मांडणीत येतात तिच्यात, चूक शोधत होतो. पण स्क्रिप्टची रिक्वेस्ट गुपचूप रीडायरेक्टमागे जाऊन लॉगिनचं एचटीएमएल पान घेऊन येत होती, तेही २०० च्या शिक्क्यासह, आणि ते चिन्ह त्या पानाच्या पहिल्या टॅगचं होतं. माणूस वाचणार आहे त्या पानासाठी लॉगिनकडची वाट, प्रोग्राम वाचणार आहे त्या पत्त्यासाठी कोरडं ४०१. '/एपीआय' ने सुरू होणारे, म्हणजे प्रोग्रामसाठीचे, सगळे पत्ते दुसऱ्या गटात टाकले.

परतीच्या पत्त्याचंही एक दुखणं होतं. मी तो लॉगिनच्या पत्त्यामागे 'नेक्स्ट' या नावाने जोडत होते. मूळ पत्त्यात सुरुवातीची तारीख, मग अँडचं चिन्ह (&), मग शेवटची तारीख. लॉगिन करून परत आलं की शेवटची तारीख गायब आणि रिपोर्ट आजपर्यंतचा. ते अँडचं चिन्ह लॉगिनच्या पत्त्याचंच समजलं जात होतं आणि पुढचा भाग तुटत होता. पत्ता एन्कोड करायला हवा, म्हणजे अशी चिन्हं सांकेतिक रूपात लिहायला हवीत, पण साध्या एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये त्यासाठी तयार सोय नाही. म्हणून रीडायरेक्ट लिहिण्याचं कामच तिथून काढलं. आता ४०१ आलं की एन्जिनएक्स मूळ पत्ता एका हेडरमध्ये घालून लॉगिनच्या अ‍ॅप्लिकेशनकडे देतं, आणि ते नीट एन्कोड करून ३०२ पाठवतं. यात एरर पेजच्या ओळीत ४०१ नंतर बरोबरचं चिन्ह (=) लागतं. त्याने मागच्या अ‍ॅप्लिकेशनचा आकडा तसाच बाहेर जातो, नाहीतर रीडायरेक्टवर ४०१ चाच शिक्का बसतो आणि ब्राउझर त्यामागे जात नाही.

तो पत्ता बाहेरून येतो, कोणीही काहीही लिहून लिंक पाठवू शकतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. पहिली तपासणी मी केली ती 'तिरक्या रेघेने सुरू होतो ना' एवढीच. पण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता ब्राउझरला दुसऱ्या साइटवर नेतो, आणि एक सरळ व एक उलटी तिरकी रेघ असली तरी ब्राउझर दोन्ही सारख्याच मानतात. आता तीन ठरलेल्या सुरुवातींशिवाय दुसरं काही स्वीकारलं जात नाही.

सगळ्यात घाबरवणारा दिवस मात्र वेगळाच होता. दारात ओळख पटल्यावर एन्जिनएक्स माणसाचं नाव 'एक्स-रिमोट-यूजर' हेडरमध्ये घालून मागे पाठवतं, आणि मागची अ‍ॅप्लिकेशन्स त्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. एका संध्याकाळी सहज मनात आलं, दारातून न जाता आले तर? दुसऱ्या मशीनवरून कर्लने थेट ८०८० पोर्टवर, म्हणजे एन्जिनएक्सला वगळून मागच्या दारावर, रिक्वेस्ट पाठवली, हेडरमध्ये अ‍ॅडमिनचं नाव. पासवर्ड नाही, कुकी नाही. अ‍ॅडमिनचं पूर्ण पान समोर. माझे हात थंड पडले. पोर्ट सगळ्या जगासाठी ऐकत होता. त्याच क्षणी तिन्ही अ‍ॅप्लिकेशन्स १२७.०.०.१ वर बांधली, म्हणजे त्याच मशीनवरून आलेली रिक्वेस्टच घेतील. आणि एन्जिनएक्समध्ये ते हेडर प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहायला लावलं, ओळख नसेल तिथे रिकामं, म्हणजे बाहेरून कोणी पाठवलेलं नाव आत जाणारच नाही. जुने लॉग शोधले. माझ्याशिवाय कोणी ती वाट वापरलेली दिसली नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशी रचना चालवत असेल तर आजच दुसऱ्या मशीनवरून ही एक कमांड चालवून बघा, अशी कळकळीची विनंती.

जुन्या पीएचपी अ‍ॅप्लिकेशनने एक छोटं चक्र दाखवलं. एचटीटीपीएस एन्जिनएक्सपाशीच उलगडतं, मागे रिक्वेस्ट साध्या एचटीटीपीने जाते, त्यामुळे त्याला वाटे माणूस असुरक्षित वाटेने आलाय आणि ते एचटीटीपीएसकडे पाठवत राही. 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर पाठवलं आणि त्याला ते वाचायला शिकवलं, की थांबलं. ई-मेलमधल्या लिंकवरून आलं की लॉगिन असूनही पुन्हा पासवर्ड मागितला जाई, ते कुकीवर सेमसाइट स्ट्रिक्ट लावल्यामुळे. दुसऱ्या साइटवरून आलेल्या क्लिकबरोबर तशी कुकी जातच नाही. तिला त्याहून सैल, लॅक्स केलं.

आता तीसेक ओळींची एक शेल स्क्रिप्ट आहे. कॉन्फिगमध्ये एक अक्षर बदललं तरी ती चालवल्याशिवाय मी रिलोड करत नाही. तिच्यात कर्ल रीडायरेक्टमागे न जाता पहिल्याच उत्तराशी थांबतो आणि आकडा व पत्ता छापतो. कुकीशिवाय पान मागितलं तर ३०२, कुकीशिवाय एपीआय तर ४०१, कुकीशिवाय पोस्ट तर ४०१, परवानगी नसलेलं पान तर ४०३, आणि ३०१ फक्त एकाच ठिकाणी, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर. दुसरीकडे कुठेही ३०१ दिसला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

लॉगिनच्या कोडमधली ती '/रिपोर्ट्स' ची ओळ अजून आहे. वर मी तारीख आणि कारण लिहून ठेवलंय, कोणी अडगळ समजून काढू नये म्हणून. लॉग अधूनमधून चाळते तेव्हा जुना परतीचा पत्ता घेऊन आलेली एखादी रिक्वेस्ट दिसते. गेल्या महिन्यात एक सहकारी लांब रजेवरून परतल्या, त्यांनी त्यांचा लॅपटॉप उघडला आणि जुन्या बुकमार्कवर क्लिक केलं. लॉगमध्ये '/लॉगिन' ची एक ओळ, तिच्यात '/रिपोर्ट्स', मग लॉगिनची पोस्ट, आणि लगेच खाली '/रिपोर्ट-यादी', २००.